आईच्या पोटावरची खूण

मी माझ्या आईला फसवून एका कागदावर तिची सही घेतली. तो कागद ऑपरेशनच्या संमतीचा होता, आणि मी तिला सांगितलं होतं की तपासणीचा आहे. हे एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली. आई आज साताऱ्याला तिच्या घरी आहे, बरी आहे, आणि तिने हा विषय पुन्हा कधी काढलेला नाही. ती काढत नाही म्हणूनच बहुधा मला तो काढल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही लुडविग्सहाफेनला राहतो. इथल्या रसायनांच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. प्रयोगशाळेत सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे अकरा वर्षं होऊनही माझं जर्मन बेकरी, बस आणि व्हिसाच्या कचेरीतली खिडकी एवढ्यापुरतंच राहिलं. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. त्र्याहत्तर वर्षांची. साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत तिने पस्तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायका ब्लाउज बेतायला तिच्याकडे शिकल्या.

आल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात तिचं पोट दुखायला लागलं आणि थांबेना. तिला दवाखान्यात दाखल केलं, नळी घालून तपासलं. मोठ्या आतड्यात अगदी खाली गाठ निघाली, कॅन्सरची. वाट इतकी अरुंद झाली होती की विमानाने परत पाठवणं धोक्याचं होतं. आठवड्याभरात ऑपरेशन करायला हवं, असं ठरलं.

हे मला ज्या रीतीने सांगण्यात आलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सांगणारा डॉक्टर तरुण होता, ट्युनिशियाचा. त्याने सुरुवात केली "आल्झो", म्हणजे "तर", अशी, आणि पुढे जर्मनमध्ये बरंच काही बोलला. माझा चेहरा पाहून तो थांबला. त्याचं इंग्रजी माझ्या जर्मनसारखंच होतं. मग त्याने वॉर्डातल्या एका सिस्टरना बोलावलं. त्या कॅमेरूनच्या, माझ्याच वयाच्या, पन्नाशीला टेकलेल्या. त्यांच्या देशात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही सरकारी भाषा आहेत. त्यांचं माहेर इंग्रजी बोलणाऱ्या भागात आणि नर्सिंगची पहिली नोकरी फ्रेंच बोलणाऱ्या शहरात. जर्मन त्या चाळिशीत शिकल्या. डॉक्टर आता फ्रेंचमध्ये बोलू लागला, मोकळेपणाने, हातवारे करत. सिस्टर ऐकत उभ्या होत्या आणि त्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता. डॉक्टरचा एकेक मुद्दा संपला की त्या एकेक बोट मिटत. पाच बोटं मिटली की डावा हात थोडा वर करून त्याला थांबवत. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगायला लागत, आणि एकेक गोष्ट सांगून झाली की एकेक बोट उघडत. पाचही उघडली की डॉक्टरकडे पाहत: हं, पुढे.

मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं आहे. द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना थेंबभर मागे राहतोच, हे मला ठाऊक आहे. इथे एक माणूस एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ओतत होता आणि मागे काहीच राहत नव्हतं. डॉक्टर जिथे अडखळला, तिथे त्याही म्हणाल्या, "इथे डॉक्टर जरा थांबले, कारण त्यांना खात्री नाही." त्याची खात्री नसणंसुद्धा त्यांनी माझ्यापर्यंत पोचवलं. बोलता बोलता त्यांनी सलाईनची बाटली बदलली आणि दारातून डोकावणाऱ्या जेवणवाल्या बाईंना जर्मनमध्ये "गेनाऊ, बरोबर, सूप फक्त" असं बजावलं. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

आईसुद्धा पाहत होती. "काय गं बाई, किती भाषा येतात हिला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "आतड्याला सूज आहे. साफ करतील."

"एवढंच? तो तर केवढा बोलत होता."

"इकडचे डॉक्टर असेच बोलतात, आई. कायद्याने सगळं सांगावं लागतं त्यांना."

"आणि ही पण तेवढंच बोलली."

"तिने त्याचंच परत सांगितलं."

"हं," आई म्हणाली. ती खुदकन हसली. "म्हणजे तूच तेवढा कमी बोलतोस. लहानपणापासून."

सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या.

त्या संध्याकाळी पुण्याला ताईला फोन केला. ती रडली, मग लगेच मोठ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, "आईला काही बोलू नकोस हं. ती हाय खाईल. बाबांच्या वेळी आपण सांगितलं नव्हतं, आठवतंय ना?"

"पिशवी लावणार आहेत पोटावर," मी म्हणालो. "आतड्याचं टोक बाहेर काढून. आतला जोड भरून येईपर्यंत, काही महिने. कदाचित कायमची."

"ऑपरेशन होऊन जाऊ दे. उठल्यावर बघू. एकदा लावल्यावर काय करणार आहे ती?"

ताई मनाने दुष्ट नाही, आणि मीही नाही. आमच्या घरांमध्ये हे असंच करतात. आजारी माणसाला सोडून बाकी सगळ्यांना आजार माहीत असतो, आणि सगळे त्याच्यासमोर क्रिकेटवर बोलतात. माझी बायको तेवढी म्हणाली, "अरे, आईंचं पोट आहे ते. त्यांना विचार तरी." मी तिला म्हणालो, तुला आमची आई माहीत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

दवाखान्याने विचारलं होतं, फोनवर दुभाषा हवा का? मराठीचा नाही मिळत, हिंदीचा मिळेल. मीच म्हणालो, गरज नाही, मी आहे ना.

दुसऱ्या दिवशी आठ पानी कागद आला. डॉक्टरने चित्र काढून दाखवलं, सिस्टरनी बोटं मिटली आणि उघडली. मी आईला म्हणालो, "तपासणीचा कागद आहे."

"वाचलास ना नीट?"

"हो."

"मग दे." चष्मा शोधायची तसदीही तिने घेतली नाही. मी बोट ठेवलं तिथे तिने मराठीत सही केली, तिच्या गोल गोल अक्षरात, संपूर्ण नाव, शेवटी टिंब. तिने माझा चेहरा वाचला आणि तो तिला पुरला.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सिस्टरनी सांगितलं, "उद्या त्यांचे घरचे कपडे घेऊन या. रोज नेसतात ते सगळं, आतल्यासकट."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडी, परकर, ब्लाउज घेऊन गेलो. पिशवीतून साडीचा काठ दिसला आणि आई उठून बसली.

"घरी सोडतायत?"

मला आता नीट आठवतं की त्या क्षणी माझ्यापाशी "नाही" म्हणायला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "सिस्टर येतील, त्या सांगतील."

आईने स्नानघरात जाऊन साडी नेसली. केस विंचरले, अंबाडा घातला. अंगावरचा दवाखान्याचा गाऊन घडी करून उशाशी ठेवला, चादर सारखी केली आणि खाटेच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली, एस.टी.ची वाट पाहत बसावं तशी. "सिस्टरला जाताना काहीतरी द्यायला हवं रे," ती म्हणाली. "घरी तो चिवडा आहे ना, त्याचा डबा उद्या आणून दे तिला." मी खिडकीतून बाहेर कारखान्याच्या चिमण्या बघत उभा राहिलो.

सिस्टर आल्या. आईला साडीत पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खुणेने तिला उभं केलं, निऱ्या कुठे खोचल्यात ते पाहिलं, परकराची नाडी कुठे येते ते बोटाने चाचपलं. मला म्हणाल्या, "इथल्या पुस्तकात पँटचा पट्टा कुठे येतो ते बघायला सांगतात. माझी आई पण कमरेला कापड गुंडाळते. पट्ट्याच्या हिशोबाने पिशवी लावली तर ती कापडाच्या गाठीखाली चेंगरते. मग बायका घराबाहेर पडणं सोडतात." अकरा वर्षांत या देशातल्या कुणी माझ्या आईच्या निऱ्यांचा विचार केला असेल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही केला नव्हता. तिला पिशवी लागणार हे ऐकल्यापासून मी फक्त ते तिच्यापासून कसं लपवायचं याचा विचार करत होतो.

सिस्टरनी खिशातून जाड काळं पेन काढलं. आईच्या पोटाशी वाकण्याआधी त्या थांबल्या, आणि आईकडे बघत, सावकाश, इंग्रजीत चार गोष्टी बोलल्या. उद्या आतडं पोटाच्या बाहेर आणतील. तिथे पिशवी लावतील. त्याची जागा मी आज ठरवते आहे, तुम्हाला दिसेल आणि तुमचा हात पोचेल अशी. तुम्हाला काही विचारायचं असेल तर आधी विचारा, मग मी खूण करीन. चार बोटं मिटली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी आईला म्हणालो, "सोनोग्राफीसाठी खूण करतायत."

आई पेनाकडे बघत होती. मला वाटतं तिने माझं वाक्य ऐकलंच नाही. "असं खूण कधी करतात माहितेय तुला?" ती म्हणाली. "कापायच्या आधी."

सिस्टरनी पेनाचं टोपण लावलं. टक्कन. त्यांनी मिटलेला हात माझ्यासमोर धरला आणि एकच बोट उघडलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या हातात चार दिल्या. तुम्ही त्यांना एक दिली. आणि ती एकसुद्धा माझी नव्हती, असं मला वाटतंय."

मी म्हणालो की तुम्हाला मराठी येत नाही.

"मोजता येतं. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मी स्वतःला सांगितलं, त्यांची भाषा आखूड असेल. त्या कागदाच्या दिवशी बोलायला हवं होतं मी. माझी चूक झाली." आणि आवाज न चढवता त्यांनी पुढचं सांगितलं. "मी बावीस वर्षांची होते. डॉक्टर फ्रेंच, बाई आमच्याकडची, इंग्रजी बोलणारी, सातवा महिना. डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके लागत नाहीत. ती एकटी आली होती. मला दया आली. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात आराम कर, परवा नवऱ्याला घेऊन ये. ती बसने घरी निघाली. बसमध्येच कळा आल्या. जे मला तिच्याजवळ बसून सांगता आलं असतं, ते तिला रस्त्यात, अनोळखी माणसांमध्ये कळलं. नंतर ती मला भेटायला आली. भांडायला नाही. एवढंच विचारायला, की तुला माहीत होतं का." त्यांनी ते उघडलेलं बोट पुन्हा मिटलं. "तेव्हापासून मी बोटं मिटते."

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतेय ती? रागावतेय का तुला? काय केलंस तू?"

मग मी सांगितलं. खाटेपाशी गुडघ्यावर बसून, जे पाच दिवस साठवलं होतं ते सगळं. गाठ. कसली गाठ. ऑपरेशन उद्या. पिशवी. आणि तो कागद.

आई रडली नाही. तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली, म्हणजे घरी जायचं नाही हे तिने मान्य केलं. बराच वेळ साडीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "पस्तीस वर्षांत मी गिऱ्हाईकाला न विचारता कात्री लावली नाही कधी. अस्तरालासुद्धा नाही."



"ताईला माहितेय?"

"हो."

"सूनबाईला?"

"हो. ती म्हणत होती तुला सांग म्हणून."

"म्हणजे परक्या घरून आली तिला कळलं." आणि दाराकडे बोट करून, "तू बाहेर जा थोडा."

"आई, सिस्टरना मराठी येत नाही."

"तुला येतं. काय उपयोग झाला?"

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून आवाज येत होते, आणि त्यांत एकही सामाईक शब्द नव्हता.

"मम्मा, सिट. ओके. नाऊ स्टँड."

"थांब गं. अशी खुर्चीत कोण बसतंय? मी खाली बसते, मांडी घालून. हे बघ."

खाट करकरली. आई बहुतेक गादीवर मांडी घालून बसली असावी.

"आ, नॉन," सिस्टर स्वतःशीच म्हणाल्या. अचंबा वाटला की त्यांच्या तोंडून फ्रेंच येत असावं.

"बघितलंस? पोटाची घडी नेमकी तुझ्या टिंबावर पडते. इथं नाही चालायचं. दे ते पेन. वर घे, एवढं. दोन बोटं. आणि बाहेरच्या अंगाला. आता नाडी खाली राहिली, घडी पण खाली."

"यू कॅन सी इट? विथ युअर आइज?"

"दिसतंय की. चष्म्याशिवाय दिसतंय."

"व्वाला," सिस्टर म्हणाल्या, आणि मग दोघी हसल्या. मी भिंतीला टेकून ते हसणं ऐकत होतो. तीन भाषा येणारी एक बाई आणि एकच येणारी माझी आई, दोघींनी मिळून पाच मिनिटांत ती जागा शोधली होती. माझी कुठेच गरज पडली नव्हती. अपमान वाटायला हवा होता. पण एखाद्या देवळात चुकून गाभाऱ्याशी जाऊन पोचावं आणि आवाज करायची भीती वाटावी, तसं काहीसं मला झालं होतं.

आईने आत बोलावलं. "उद्या नाही," ती म्हणाली. "आधी तो कागद मला सगळा वाचून दाखव. मग मी सांगते, करायचं की नाही."

सिस्टरनी मला विचारलं, काय म्हणतात? मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. त्यांनी डॉक्टरला बोलावून फ्रेंचमध्ये काहीतरी ठासून सांगितलं. तो लाल झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. जुना कागद त्याने आडवी रेघ मारून रद्द केला. ऑपरेशन दोन दिवसांनी पुढे गेलं, तेवढं चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं बसलो. डॉक्टर फ्रेंचमध्ये, सिस्टर इंग्रजीत, मी मराठीत. सिस्टरनी मला नियम घालून दिला होता: "डॉक्टर म्हणतात" असं म्हणायचं नाही. डॉक्टर "मी" म्हणाला की तुम्हीही "मी" म्हणा. म्हणजे पळायला जागा उरत नाही. आणि बोटं मिटा.

तर मी माझ्या आईला म्हणालो, "मी तुमचं आतडं इथून इथपर्यंत कापीन." अहो-जाहो आपोआप आलं, तो डॉक्टर तिला दुसरं काय म्हणाला असता? आई मान हलवत होती, मध्येच थांबवत होती. पिशवीचा वास येतो का? मांडी घालून पूजेला बसता येईल का? मशीनवर वाकता येईल का? पिशवी बदलायला माणूस लागतं की आपलं आपल्याला जमतं? तिचा प्रत्येक प्रश्न माझ्याकडून सिस्टरकडे, त्यांच्याकडून डॉक्टरकडे जाई आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. एकदा ती म्हणाली, "त्याला विचार, त्याने अशी किती केलीत?" मला ते विचारायची लाज वाटली. सिस्टर माझ्या मिटलेल्या बोटाकडे बघत होत्या. मी विचारलं. डॉक्टर हसला. तो म्हणाला की मी फक्त मदतीला असेन, कापणारे मोठे सर्जन असतील, आणि त्यांनी खूप केली आहेत. आईला हे उत्तर आवडलं. "खोटं नाही बोलत पोरगा," ती म्हणाली, आणि तेही मी भाषांतर करून सांगितलं.

शेवटच्या पानावर डॉक्टर हळू आवाजात एक वाक्य बोलला. सिस्टरनी ते तितक्याच हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं आणि हात पूर्ण उघडला. आता मिटलेलं बोट फक्त माझ्या हातात होतं. मी कागदाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. ते वाक्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एक ओरखडाही न उमटता माझ्यापर्यंत आलं होतं. उरलं होतं ते फक्त मायलेकांमधलं अंतर, हातभराचं. त्या दोघांनी मला घाई केली नाही.  सिस्टर माझ्या करंगळीकडे बघत होत्या.

"या ऑपरेशनमध्ये," मी म्हणालो, "तुमचा जीव जाऊ शकतो. तसं क्वचित होतं. पण होऊ शकतं. मी ते नाही असं म्हणू शकत नाही."

मी बोट उघडलं.

आईने ते वाक्य ऐकलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"हं," ती म्हणाली. "पुढचं वाच."

"पुढे फक्त सहीची जागा आहे, आई."

"मग कुठे करायची ते दाखवू नकोस. मला दिसतेय."